दुसऱ्या शनिवारी नेट चालतं

सावनी कॉलेजातून घरी आली तेव्हा अंबूताई दारातच उभ्या होत्या. चप्पल काढायलाही वेळ न देता त्यांनी तिचा हात धरला आणि तिला थेट कॉम्प्युटरपुढे नेलं.

"वाच. मोठ्यानं वाच. माझा चष्मा खोटं बोलतोय का बघ."

सावनीनं वाचलं. ज्येष्ठ खेळाडूंच्या ऑनलाईन बुद्धिबळ स्पर्धेत देशभरातून दोनशे अकरा जणांनी भाग घेतला होता. साखळी सामने संपून चार जण उपांत्य फेरीत पोचले होते, आणि चौथं नाव होतं ए. आर. नरगुंदकर, हुबळी.

"आत्या!" सावनी किंचाळलीच. "अगं, शेवटच्या चारांत तू!"

"चौथी," अंबूताई म्हणाल्या. "दोन डाव नेट गेलं म्हणून घालवले, नाहीतर दुसरी असते."

अंबूताईंना तेव्हा त्रेसष्ट पूर्ण झाली होती. मुलींच्या हायस्कूलमध्ये तेहतीस वर्षं गणित शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. लग्न केलं नव्हतं. विद्यानगरच्या त्या छोट्या घरात त्या आणि त्यांच्या भावाची मुलगी सावनी अशा दोघीच राहायच्या. सावनी जवळच्याच कॉलेजात शिकवायची. बुद्धिबळ अंबूताईंना वडिलांनी शिकवलं. धारवाडला घरी येणाऱ्या वकिलांना ही परकरातली पोर हरवायची आणि वडील खूष होऊन सगळ्यांना पुन्हा चहा सांगायचे. पण स्पर्धेला कधी कुणी पाठवलं नाही. मुलीला एकटीला परगावी कोण पाठवणार? मग नोकरी लागली, वडील गेले, पट कपाटात गेला. सावनीनं घरी ब्रॉडबँड घेतलं तेव्हा पहिल्याच आठवड्यात अंबूताईंनी विचारलं होतं, "यावर कुणी खेळायला मिळतं का गं?" त्यानंतर रोज दुपारी त्यांचा एक तरी डाव व्हायचा.

आता उपांत्य सामना रविवारी, सतरा फेब्रुवारीला चार वाजता ठरला होता. एकच डाव, प्रत्येकाला वीस मिनिटं. मेलच्या शेवटी आयोजकांनी ठळक अक्षरात लिहिलं होतं की कुणाचं इंटरनेट एका मिनिटापेक्षा जास्त बंद पडलं तर तो डाव हरला असं धरलं जाईल.

ते वाक्य वाचून दोघींनी एकदमच कोपऱ्यातल्या मॉडेमकडे पाहिलं. त्याला नेट गेल्यावर परत यायला अडीच मिनिटं लागायची.

नेट घेतलं तेव्हा असं नव्हतं. दिवाळीनंतर कधीतरी त्याला अवकळा आली. पान उघडायला सांगून अंबूताई कुकर लावून यायच्या, तरी अर्धंच उघडलेलं असायचं. शिवाय दिवसातून चार-पाच वेळा ते पूर्णच जायचं. शीघ्रनेट या कंपनीनं फोन आणि ब्रॉडबँड एकाच तारेवरून दिलं होतं. तक्रारीच्या नंबरावर फोन केला की पहिल्यांदा बराच वेळ सतार वाजायची. मग एक गोड आवाज सांगायचा, "मॅडम, मॉडेम बंद करा आणि तीस सेकंदांनी चालू करा."

"मी ते एकोणीस वेळा केलंय," अंबूताई सांगायच्या.

"मॅडम, एकदा पुन्हा करून बघाल का?"

कंपनीचा माणूस दोनदा येऊन गेला होता. त्याचं नाव प्रभंजन. मुलगा भला होता, पण तो आला की नेट हमखास चालायचं. कमरेचा फोन तारेला लावून तो ऐकायचा आणि कानडी वळणानं म्हणायचा, "लाईन क्लिअर आहे बघा री, बाई. स्पीड थोडा कमी आहे खरा. पण जातंय कुठं?"

"तुम्ही गेलात की जातं."

त्यावर तो बिचारा हसायचा आणि सही घेऊन जायचा.

अंबूताईंनी मग गणिताच्या बाईंनी करावं तेच केलं. जानेवारीच्या शेवटी एक चौकटीची वही काढली आणि नेट कधी गेलं, कधी आलं हे मिनिटासकट लिहायला सुरुवात केली. आता वहीत जवळपास तीन आठवडे झाले होते. गुरुवारी दुपारी जेवण झाल्यावर त्यांनी ती वही जमिनीवर पसरली, बाजूला लाल पेन्सिल घेऊन बसल्या आणि एकेक दिवस खाली-खाली मांडू लागल्या. पाऊण तासानं त्यांनी हाक मारली.

"सावने! इकडे ये. धावत ये!"

सावनी पेपर तपासत होती. ती तशीच पेन हातात घेऊन आली.

"हे बघ. सकाळी नऊ पन्नास. दुपारी एक चाळीस. दोन वीस. संध्याकाळी पाच पन्नास. सोमवार ते शनिवार, पाच-सात मिनिटं इकडेतिकडे. रविवारी एकदाही नाही. आता हा शनिवार बघ, दोन तारखेचा. चारही वेळा गेलंय. आणि हा शनिवार, नऊ तारखेचा?"

"एकदाही नाही," सावनी म्हणाली.

"नऊ तारखेला काय होतं?"

सावनीनं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. "काही नाही. दुसरा शनिवार."

"दुसरा शनिवार!" अंबूताईंनी लाल पेन्सिल जमिनीवर आपटली. "दुसऱ्या शनिवारी सुट्टी कुणाला असते? अगं, हा बिघाड सरकारी नोकर आहे! दहाला ऑफिसात जातो, दीडला जेवायला घरी येतो, परत जातो आणि साडेपाचला सुटतो."

सावनी हसत सुटली. पण अंबूताई हसत नव्हत्या. त्यांचे डोळे चमकत होते. शेवटच्या बाकावरच्या मुलीनं अचानक बरोबर उत्तर दिलं की वर्गात त्यांचा चेहरा असाच व्हायचा.

त्या गल्लीत सरकारी नोकर एकच होता. शेजारचे यशवंतराव. त्यांच्याकडे मात्र अंबूताईंचं फारसं जाणं-येणं नव्हतं, आणि त्याचं कारण यशवंतराव नव्हते, त्यांची बायको पार्वती होती. पार्वती अंबूताईंची विद्यार्थिनी. नववीत असताना अंबूताईंनी तिला गणितात चौतीस मार्क दिले होते, पास व्हायला पस्तीस लागायचे. तिचं वर्ष गेलं होतं. लग्न होऊन योगायोगानं ती नेमकी शेजारी राहायला आली. सोळा वर्षं दोघी एकमेकींना बघून मान हलवायच्या, सणाला ताट जायचं, ताट यायचं, पण बोलणं त्यापुढे कधी सरकलं नाही.

संध्याकाळी पावणेसहाला अंबूताई व्हरांड्यात घड्याळ हातात धरून उभ्या राहिल्या. सावनी आत मॉडेमसमोर मांडी घालून बसली. मॉडेमवरचा हिरवा दिवा स्थिर होता.

पाच एकोणपन्नासला यशवंतरावांची पांढरी मारुती कोपऱ्यावरून वळली. दारात थांबली. यशवंतराव उतरले. त्यांच्या दाराला दिवाळीतच नवं लोखंडी फाटक बसवलं होतं. माणसांसाठी लहान दार वेगळं होतं, मोठं फाटक फक्त गाडीसाठी उघडायचं. त्यांनी कडी काढली आणि फाटक मागे ढकललं. ते चाकावरून घरघरत गेलं आणि दोन घरांमधल्या खांबावर धाडकन आदळलं.

"गेलं!" आतून सावनी ओरडली. "आत्या, दिवा गेला! आत्ता गेला!"

अंबूताई पायऱ्या उतरून जवळजवळ धावतच गेल्या. त्यांचा पदर जास्वंदीला अडकला, तो त्यांनी ओढून सोडवला. यशवंतराव गाडीत बसण्याच्या बेतात होते. बाई अशा धावत आलेल्या बघून ते घाबरलेच.

"काय झालं, अंबूताई? कुणाला बरं नाही का?"

"फाटक! तुमचं फाटक जरा पुढे घ्या!"

त्यांनी फाटक ओढलं. खांबाला लागूनच, रस्त्यावरच्या विजेच्या खांबावरून आलेली एक काळी तार कुंपणाच्या भिंतीवरून पुढे अंबूताईंच्या घराकडे गेली होती. फाटकाची कड जिथे खांबाला टेकत होती, नेमकी तिथेच ती तार चेपून पापडासारखी चपटी झाली होती. वरचं काळं आवरण फाटलं होतं. आतल्या तांब्याला हिरवा गंज चढला होता.

"तरीच!" अंबूताई म्हणाल्या. "तरीच दिवाळीपासून!"

यशवंतराव ओशाळले. "माझ्या लक्षातच आलं नाही हो. आधीच सांगायचं की."

"मला तरी कुठं ठाऊक होतं? तुमच्या दुसऱ्या शनिवारनं सांगितलं."

प्रभंजनला लगेच फोन केला. तो शुक्रवारी सकाळीच आला, तार बघून त्यानं कपाळावर हात मारला. "दरवेळी मी स्कूटर आडवी लावायचो इथंच, बाई! माझ्यामुळंच फाटक बंद राहायचं." पण नवी तार स्टोअरमधून सोमवारीच मिळणार होती. "मधेच कापून जोड दिला आणि तो नाही टिकला, तर आहे तेही जाईल. रविवारी तुमची मॅच आहे म्हणता. मी तर हात लावणार नाही. फक्त तारेला धक्का लागू देऊ नका. हळू चालेल, पण चालेल."

म्हणजे रविवारी फाटक हलवायचं नाही. यशवंतरावांनी शब्द दिला. पार्वती मागे लहान दारात उभी राहून ऐकत होती.

रविवारी साडेतीनलाच सावनीनं घरातला फोन काढून ठेवला, मिक्सरला हात लावायचा नाही असं स्वतःलाच बजावलं, आणि दाराला कडी घातली. अंबूताईंनी धुतलेली इस्त्रीची साडी नेसली होती.

"कॉम्प्युटरला कुठं दिसतंय, आत्या?"

"मला दिसतंय ना."

समोरचा खेळाडू आसनसोलचा होता, रेल्वेतून निवृत्त झालेला. चार वाजता पटावर सोंगट्या आल्या. अंबूताईंना पांढऱ्या मिळाल्या. त्यांनी राजासमोरचं प्यादं दोन घरं पुढे सरकवलं, आणि दोघी बघत राहिल्या. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. सहा सेकंदांनी ते प्यादं पलीकडे पोचलं.

"प्रत्येक चालीला सहा सेकंद," अंबूताई पुटपुटल्या. "चाळीस चाली झाल्या तर चार मिनिटं नुसती तारेत जाणार. म्हणजे त्याची वीस मिनिटं आणि माझी सोळा. ठीक आहे. विचार त्याच्या वेळात करायचा."

आणि त्यांनी तसंच केलं. समोरचा विचार करत असताना त्या पटाकडे अशा बघायच्या की पापणी लवायची नाही. त्याची चाल आली की यांची तयार. विसाव्या चालीला त्यांनी उंट दिला आणि त्या बदल्यात दोन प्यादी घेतली. सावनीला बुद्धिबळातलं फार कळत नव्हतं. पण आत्याच्या डाव्या पायाचा अंगठा जमिनीवर ताल धरायला लागलाय हे तिनं पाहिलं, आणि डाव चांगला चाललाय हे तिला समजलं.

सव्वाचारच्या सुमाराला बाहेर जीपचा हॉर्न वाजला. एकदा, दोनदा, मग सलग.

सावनी खिडकीशी धावली. यशवंतरावांच्या फाटकासमोर धुळीनं माखलेली जीप उभी होती. ड्रायव्हरच्या शेजारी पांढरा फेटा बांधलेले नागोजीराव होते, यशवंतरावांच्या थोरल्या बहिणीचे यजमान. निपाणीहून न कळवता आले होते. मागे बहीण, दोन सुना आणि गुळाची ढेप. नागोजीराव म्हणजे त्या घरचे जावई. त्यांच्या रागाला सगळं घर भ्यायचं.

"यशवंता! फाटक उघड! जीप उन्हात तापलीय!"

यशवंतराव लहान दारातून बाहेर आले. त्यांनी जावयांकडे पाहिलं, फाटकाकडे पाहिलं, आणि सवयीनं त्यांचा हात कडीकडे गेला.

"हात काढा!"

हे पार्वती बोलली होती. ती धावत आली आणि फाटकाला पाठ लावून उभी राहिली. हाताला कणीक तशीच होती.

"भावजी, नमस्कार करते. पण फाटक आत्ता उघडणार नाही. आमच्या बाईंची मॅच चालू आहे."

"कसली मॅच?"

"बुद्धिबळाची. देशातल्या शेवटच्या चारांत आल्यात बाई. या फाटकामागून त्यांची तार जाते. ते हललं तर त्या हरतील."

नागोजीरावांचा चेहरा लाल झाला. "म्हणजे जावयानं रस्त्यावर उभं राहायचं?"

"उभं कशाला? बसायचं," पार्वती म्हणाली. "अहो, खुर्च्या आणा!"

यशवंतरावांनी लहान दारातून एकेक खुर्ची बाहेर काढली आणि समोरच्या कडुलिंबाच्या सावलीत, चक्क रस्त्याच्या कडेला मांडली. पार्वतीनं पाणी आणलं, मग चहा. नागोजीराव बसले खरे, पण तोंड फिरवून. थोड्या वेळानं मात्र ते चहाचा घोट घेता घेता म्हणाले, "पांढरी कुणाची?"

"म्हणजे?" यशवंतरावांना कळेना.

"पांढऱ्या सोंगट्या कुणाच्या, बाईंच्या का त्याच्या? विचार की!"

यशवंतराव खिडकीपाशी आले. सावनीनं सांगितलं, पांढऱ्या आत्याच्या. मग नागोजीरावांनी विचारलं, हत्ती किती राहिले. मग, वजीर गेला का. प्रत्येक प्रश्नाला यशवंतराव कडुलिंबापासून खिडकीपर्यंत आणि परत अशा खेपा घालू लागले. सुना तोंडावर पदर धरून हसत होत्या. शेवटी नागोजीरावांनी स्वतःच खुर्ची उचलली आणि ती खिडकीखाली आणून ठेवली.

आत डाव शेवटाला आला होता. वजीर, हत्ती, घोडे सगळे गेले होते. दोन्ही बाजूंना राजा आणि थोडीशी प्यादी. अंबूताईंचं एक प्यादं पटाच्या कडेनं मोकळं सुटलं होतं. समोरच्याच्या राजाला ते गाठता येणार नव्हतं. चार घरं पुढे गेलं की त्याचा वजीर होणार. पण घड्याळात अंबूताईंचे फक्त एकवीस सेकंद उरले होते. समोरच्याची दोन मिनिटं.

"चार चाली, चोवीस सेकंद," सावनीनं बोटांवर मोजलं. "आत्या, बसत नाही गं!"

"दिसतंय मला."

"थांब! त्या साईटवर एक सोय आहे. त्याची पाळी चालू असतानाच आपली चाल सांगून ठेवता येते. ती तिकडेच वाट बघत राहते. त्यानं चाल केली की लगेच आपली होते. तुझा वेळच जात नाही!"

"आणि त्यानं भलतंच काही केलं तर?"

विचारता विचारताच अंबूताईंनी पटाकडे एकदा पाहिलं आणि त्यांचा चेहराच उजळला. "काहीही करू दे त्याला! माझ्या प्याद्याच्या वाटेत तो येऊच शकत नाही. कसं सांगायचं ते दाखव, लवकर!"

पहिली चाल त्यांनी साधीच केली. सहा सेकंद गेले. पंधरा उरले. आता त्याची पाळी. सावनीनं दाखवलं तसं अंबूताईंनी प्यादं उचलून पुढच्या घरावर ठेवलं. ते घर लाल झालं. चाल नोंदली गेली होती. त्यानं आपला राजा सरकवला, आणि त्याच क्षणी यांचं प्यादं पुढे गेलं. घड्याळ पंधरावरच.

"गेलं! गेलं पुढे!" सावनी उड्या मारू लागली.

"काय गेलं? नेट गेलं?" बाहेरून नागोजीराव ओरडले.

"नाही हो, प्यादं!"

समोरच्यानंही ओळखलं. तो आता भराभर खेळू लागला. पुढची चाल सांगून ठेवेपर्यंत त्याची आलीसुद्धा, आणि अंबूताईंची वाटेतच राहिली. पुन्हा सहा सेकंद. नऊ उरले. आता शेवटचं घर. त्यानं आपलं प्यादं ढकललं होतं, त्यालाही वजीर व्हायला एकच घर उरलं होतं. अंबूताईंनी प्यादं धरलं. शेवटच्या घरावर ठेवलं आणि बटण सोडलं.

आठ. सात. सहा. प्यादं अजून मधेच लटकलेलं. पाच. बाहेर पार्वती फाटकाला तशीच चिकटून उभी होती. चार. तीन.

पटाच्या टोकाला पांढरा वजीर उभा राहिला आणि त्यानं काळ्या राजाला शह दिला. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतच्या त्याच तिरप्या रेघेत समोरच्याचं ते शेवटच्या घराकडे निघालेलं प्यादंही सापडलं होतं. आता अंबूताईंच्या घड्याळात तीन सेकंद होते. पुढच्या चालीला ते पुरणार नव्हते. समोरच्यानं झटकन कुठलीही चाल केली असती तरी तो वेळेवर जिंकला असता, नुसतं खेळायचं होतं.

तो खेळला नाही. पडद्यावर एक ओळ आली. त्यानं डाव सोडला होता. खाली लिहिलं होतं, "तुमचा वेळ संपू देऊन जिंकलो असतो, पण बायकोला काय सांगणार? सुंदर डाव."

अंबूताईंनी ती ओळ दोनदा वाचली. मग खुर्चीवरून उठल्या, दाराची कडी काढली आणि साडीचा सोगा सावरत बाहेर आल्या.

"जिंकले!" तेहतीस वर्षं वर्गात वापरलेल्या आवाजात त्या म्हणाल्या. "पार्वती, जिंकले मी!"

पार्वतीनं फाटक सोडलं आणि कणकेच्या हातांनीच बाईंना मिठी मारली. नागोजीराव उभे राहून टाळ्या वाजवत होते. यशवंतरावांनी फाटक उघडलं, ते खांबावर आदळलं, आत मॉडेमचा दिवा गेला, आणि कुणाचंही त्याकडे लक्ष नव्हतं. जीप आत आली. गुळाची ढेप अंबूताईंच्या ओट्यावरच फोडली गेली.

त्या गडबडीत पार्वती हळूच म्हणाली, "बाई, तो एक मार्क दिला असतात तर?"

अंबूताईंनी हातातला गुळाचा खडा खाली ठेवला. "द्यायला हवा होता गं," त्या म्हणाल्या. "तेव्हा मला वाटायचं की मार्क म्हणजे मार्क. नंतर किती वर्षं मनात होतं, पण तुला म्हणायचं कसं ते कळलं नाही."

"माझ्या मुलीची दहावी आहे पुढल्या वर्षी. गणिताला बसवाल तिला?"

"उद्यापासून पाठव."

सोमवारी प्रभंजननं नवी तार टाकली. या वेळी ती फाटकापासून दूर, उंचावरून नेली. जोडणी झाल्यावर अंबूताईंनी एक पान उघडलं आणि ते इतक्या चटकन समोर आलं की त्या दचकल्या. मग दुसरं उघडलं, मग तिसरं, मग सावनीनं कधीपासून दाखवायचं ठरवलेलं आफ्रिकेतल्या हत्तींचं चलचित्र. ते एकदाही न अडकता शेवटपर्यंत चाललं. प्रभंजनही चहा घेत तिथेच बसून बघत राहिला.

पंधरा दिवसांनी अंतिम सामना झाला. अंबूताई तो हरल्या, सरळ-सरळ हरल्या, आणि नेटचा त्यात कणभरही दोष नव्हता. कोचीनच्या एका डॉक्टरीणबाईंनी त्यांचा वजीर अठराव्या चालीला असा काही पकडला की अंबूताई मोठ्यानं "वा!" म्हणाल्या. डाव संपल्यावर त्यांनी त्या बाईंना लिहिलं की मला ही युक्ती शिकवा. उत्तर पाच मिनिटांत आलं. दुसऱ्या दिवशी दुपारी पार्वतीची मुलगी वह्या घेऊन आली, तेव्हा बाई पडद्याकडे बोट दाखवत म्हणाल्या, "दहा मिनिटं बस. हा डाव संपला की भूमिती." मुलगी खुर्ची ओढून शेजारी बसली आणि विचारू लागली, घोडा असा वाकडा का उडी मारतो.